मयताची नोंद आणि तिची रुजवात

श्रीगोंदे तालुक्यात, मग ते गाव घोडनदीच्या काठचे बागाईत असो अथवा मांडवगणच्या बाजूचे कोरडवाहू असो, एखादा वृद्ध गृहस्थ पहाटे आपल्या अंथरुणावर मरण पावला म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांना फोन जातात, मुली-जावई पोहोचेपर्यंत वाट पाहिली जाते, आणि दिवस मावळण्याच्या आत अंत्यविधी उरकलेला असतो. या साऱ्या अवधीत कोणत्याही सरकारी कागदाची गरज कोणाला भासत नाही. पुण्यासारख्या शहरात स्मशानभूमीतला कारकून डॉक्टरांचा दाखला पाहिल्यावाचून पास देत नाही, परंतु ओढ्याकाठच्या स्मशानात कारकून नसतो आणि पासही नसतो. सावडणे होते, दशक्रिया होते, आणि पुढे केव्हातरी, नियमाने ठरलेल्या एकवीस दिवसांच्या मुदतीच्या आगेमागे, मुलगा किंवा पुतण्या ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकाकडे वर्दी देतो, कारण तोच गावचा जन्म-मृत्यूचा निबंधक असतो. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात मग वर्दी देणारा सांगेल ते उतरते: वार्धक्य, अल्पसा आजार, हृदयविकाराचा झटका. हा गृहस्थ वस्तुतः कशाने मेला, हे ठरविण्याचा अधिकार कोणी बजावला आणि त्या निर्णयाकडे दुसऱ्या कोणी जाणत्या माणसाने पुन्हा पाहिले काय, हे दोन प्रश्न त्या घरात, त्या गावात अथवा त्या कचेरीत कोणी विचारत नाही. प्रस्तुत आढावा या दोन प्रश्नांचा आहे. आणि तो श्रीगोंद्यापासून सुरू करण्याचे कारण एवढेच की, महाराष्ट्रातल्या बहुसंख्य तालुक्यांची स्थिती याहून निराळी नाही.

मृत्यूची नोंद ठेवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. इंग्रजी अमलात गावचे मुलकी कामगार हे काम करीत; कोतवाल घरोघरची खबर आणी आणि ती जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत चढे. कोतवाल बुक अथवा गाव नमुना चौदा या नावाने ही दप्तरे आजही तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत आहेत, आणि २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा ही मोडी अक्षरांची पाने जिल्ह्याजिल्ह्यांत पुन्हा उलगडली गेली. शोधणाऱ्यांची नजर जातीच्या रकान्यावर होती, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्याच पानांवर मृत्यूचे कारणही नोंदलेले असते, आणि ते कारण ज्या मोजक्या कोष्टकांत बसविले जाई ती कोष्टके पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे रोग, इजा आणि इतर: सरकारला साथीची वार्ता हवी होती, आणि साथ ओळखण्यापुरते ज्ञान अशिक्षित कोतवालापाशीही होते. ज्याला साथीचे रूप नाही असा प्रत्येक मृत्यू ‘ताप’ या एका विशाल शब्दात विलीन होऊन जाई. पाऊणशे-शंभर वर्षांनंतर त्या ‘तापा’ची जागा हृदयविकाराच्या झटक्याने घेतली आहे, इतकाच काय तो पालट.

स्वतंत्र भारताने जन्म-मृत्यू नोंदणीचा अधिनियम १९६९ साली केला. त्याच्या दहाव्या कलमाने अखेरच्या आजारात ज्या वैद्यकव्यावसायिकाने उपचार केले त्याच्यावर असे बंधन घातले की, त्याने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र ताबडतोब आणि कोणतीही फी न घेता द्यावे. त्याच अधिनियमाच्या सतराव्या कलमाने असे ठरविले की, नोंदवहीतील उतारा कोणालाही देताना त्यात मृत्यूचे कारण उघड करू नये. या दुसऱ्या तरतुदीमागचा हेतू स्तुत्य होता. क्षय, कुष्ठ अथवा आत्महत्या यांचा डाग कुटुंबाला लागू नये ही करुणा तीत आहे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, ज्याला लोक मृत्यूचा दाखला म्हणतात आणि ज्याच्यावाचून वारसनोंद होत नाही, फेरफार मंजूर होत नाही, विम्याची रक्कम सुटत नाही, तो दाखला केवळ माणूस मेला एवढेच सांगतो. आणि तो कशाने मेला हे सांगणारा वैद्यकीय कागद निराळ्या वाटेने निबंधकाकडे, तेथून पुढे आकडेवारीच्या कचेरीकडे जातो. घरच्यांना पहिल्या कागदाची निकड असते, दुसऱ्याचे अस्तित्वही बहुधा ठाऊक नसते. ज्या कागदाला वाचकच नाही तो काळजीपूर्वक लिहिण्याची प्रेरणा लिहिणाऱ्याला कोठून मिळावी?

हा दुसरा कागद, रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना चार आणि घरच्या मृत्यूसाठी नमुना चार-अ, मोठ्या विचाराने आखलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय नमुन्याला धरून त्याचा पहिला भाग तीन ओळींचा केला आहे: वरच्या ओळीत मृत्यूचे तात्कालिक कारण, खालच्या ओळीत ते ज्यामुळे उद्भवले ते, आणि त्याखाली ज्या मूळ व्याधीतून ही परंपरा सुरू झाली ती व्याधी, प्रत्येकीसमोर ती सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ लोटला तो कालावधी, आणि दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर व्याधी. स्त्री असेल तर गर्भारपणाशी मृत्यूचा संबंध होता काय, आणि मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्येचा, मनुष्यवधाचा की चौकशीधीन, हेही विचारले आहे. समजा, पंधरा वर्षांचा मधुमेह असलेल्या शेतकऱ्याच्या पायाला उसाच्या फडात पाचट लागून जखम झाली, ती चिघळून पाय काळा पडला, रक्तात जंतुदोष पसरला आणि तो गेला. हा कागद नीट भरला तर खालच्या ओळीत मधुमेह येईल, मधल्या ओळीत पायाचे सडणे येईल, वरच्या ओळीत रक्तातील जंतुदोष येईल, आणि वाचणाऱ्याला कळेल की या तालुक्यात पावलांची तपासणी आणि मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर मिळत नाहीत. परंतु पुष्कळदा तिन्ही ओळींच्या जागी एकच वाक्य असते: हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू. हृदय बंद पडणे म्हणजेच मरणे. ते मरणाचे कारण नव्हे, आणि असे लिहू नये ही सूचना नमुन्यासोबतच्या मार्गदर्शनात स्पष्ट छापलेली असते. तरीही ते वाक्य टिकून राहते, कारण ते कधीच खोटे ठरत नाही आणि लिहिणाऱ्याला कधीच अडचणीत आणत नाही.

यात दोष केवळ डॉक्टरांचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. श्रीगोंदे शहरातील, काष्टीच्या वा बेलवंडीच्या बाजारपेठेतील दवाखाना चालविणारा डॉक्टर, मग त्याची पदवी एमबीबीएस असो, बीएएमएस असो वा बीएचएमएस असो, सकाळपासून रात्रीपर्यंत रुग्ण तपासत असतो. त्याचा रुग्ण त्याच्याकडे जसा येतो तसाच दौंडला, शिरूरला, नगरला आणि पुण्यालाही जातो, आणि अखेरच्या आजाराचे कागद एका पिशवीत घरच्या खुंटीला टांगलेले असतात, ते डॉक्टरापाशी नसतात. अशा रुग्णाचा मुलगा पहाटे दारी येऊन ‘डॉक्टरसाहेब, दादा गेले, तेवढा कागद द्या’ म्हणतो, तेव्हा त्या डॉक्टराने काय करावे? त्याने जाऊन मृतदेह पाहिला पाहिजे, अखेरच्या दिवसांची हकिकत विचारली पाहिजे, आणि खातरी झाली तरच सही केली पाहिजे. खातरी नसेल तर ‘कारण अज्ञात’ असे लिहून पोलिसांना कळविणे हाच सरळ मार्ग आहे. परंतु तसे केल्याचा अर्थ गावात असा घेतला जातो की, डॉक्टराने घरावर संशय घेतला. मग शवविच्छेदन, ज्याला लोक भीतीने आणि दुःखाने चिरफाड म्हणतात, ते होणार, अंत्यविधी लांबणार, आणि ज्या घराशी त्याचा दोन पिढ्यांचा संबंध आहे ते घर पुढे त्याच्या पायरीला पाय लावणार नाही. दुसऱ्या अंगाने, रुग्ण दवाखान्यातच गेला तर मोडतोडीचे भय असते. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला यावरून ते भय काल्पनिक नव्हे हे उघड आहे. संशयाच्या आणि रोषाच्या या कात्रीत सापडलेला एकटा डॉक्टर सत्याचा शोध घेईल ही अपेक्षा समाजाने बाळगावी, परंतु त्याच्या पाठीशी कोणती संस्था उभी केली आहे तेही समाजाने सांगावे.

याच कात्रीची आणखी एक पाती आहे. अत्यवस्थ रुग्णाला गाडीत घालून नगरकडे वा पुण्याकडे नेताना तो वाटेतच जातो, आणि रुग्णालयाच्या दारात डॉक्टर ‘दाखल होण्यापूर्वीच मृत’ असे लिहितो. त्याने उपचार केलेले नसल्यामुळे कारणाचे प्रमाणपत्र देण्यास तो असमर्थ असतो, आणि प्रकरण अकस्मात मृत्यूच्या नोंदीकडे वळते. हे ठाऊक असलेले नातेवाईक पुष्कळदा गाडी दारातूनच माघारी फिरवतात. याउलट रुग्णालयात बरेच दिवस राहून जो मरतो त्याची नोंद, कायद्याप्रमाणे मृत्यू जेथे घडला तेथे, म्हणजे नगरच्या वा पुण्याच्या महानगरपालिकेत होते. ऊसतोडणीच्या हंगामात तालुक्यातील कारखान्यांच्या फडांवर बीडकडून आलेल्या मजुरांपैकी कोणी गेला तर त्याची नोंद मात्र येथे होते, आणि त्याच्या गावाला ती दिसत नाही. तात्पर्य, श्रीगोंद्याच्या नोंदवहीत श्रीगोंद्याची माणसे कशाने मेली याचे चित्र उमटत नाही. ज्यांच्या मृत्यूला डॉक्टर हजर होता ते बाहेर नोंदले जातात आणि ज्यांच्या मृत्यूला कोणीच हजर नव्हते ते येथे राहतात. देशभराचा हिशेब याला दुजोराच देतो: २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र लाभलेले मृत्यू शेकडा २२.५ होते.

आता दुसरा प्रश्न, फेरतपासणीचा. आपल्या कायद्यात मृत्यूच्या स्वतंत्र चौकशीची एक जुनी वाट आहे आणि ती पोलीस ठाण्यातून जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे एकशे चौऱ्याहत्तरावे कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एकशे चौऱ्याण्णवावे झाले, असे सांगते की आत्महत्या, अपघात, दुसऱ्याकडून झालेला मृत्यू अथवा संशयास्पद मृत्यू यांची खबर मिळताच पोलीस अधिकाऱ्याने जागेवर जावे, दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष प्रेताचा पंचनामा करावा आणि मृत्यूच्या उघड दिसणाऱ्या कारणाचा अहवाल दंडाधिकाऱ्याकडे धाडावा. गरज वाटल्यास प्रेत शवविच्छेदनासाठी ग्रामीण रुग्णालयात जाते. तेथला वैद्यकीय अधिकारी त्याच दिवशी बाळंतपणे, ताप-खोकला आणि अपघात पाहत असतो. कारण निश्चित होत नसेल तर तो व्हिसेरा, म्हणजे आतील अवयवांचे नमुने, राखून ठेवतो, आणि न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत घरचे लोक त्या दुःखाला अंत नसल्यासारखे तिष्ठत राहतात. या व्यवस्थेचा उद्देश गुन्हा झाला काय हे पाहण्याचा आहे. गुन्हा नाही असे दिसले की तिचे काम संपते; माणूस वाचला असता काय, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा आहे.

मुंबई शहरात याहून वेगळी एक संस्था होती. १८७१ च्या कायद्याने कलकत्ता आणि मुंबई या शहरांसाठी कॉरोनर नेमले गेले. पोलीस खात्याहून निराळा असा हा अधिकारी मृत्यूच्या कारणाची जाहीर चौकशी करी आणि साक्षी घेई. ही सोय मुफसलात कधीच आली नाही, आणि १९९९ साली मुंबईतूनही ती उठविण्यात आली. तिचे कामकाज निर्दोष होते असे मी म्हणत नाही. परंतु महाराष्ट्रात मृत्यूची चौकशी हेच ज्याचे एकमेव काम होते असा पोलिसांबाहेरचा एकुलता एक हुद्दा नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी दुसरे काही निर्माण झाले नाही, याची खंत वैद्यकक्षेत्रातही फारशी व्यक्त झाली नाही.

या पोलिसी वाटेवर एक पाऊल मात्र कायद्याने फार विचारपूर्वक टाकले. १९८३ च्या दुरुस्तीने असे ठरले की, विवाहापासून सात वर्षांच्या आत एखाद्या स्त्रीने आत्महत्या केली अथवा ती संशयास्पद स्थितीत मरण पावली तर शवविच्छेदनाची आणि दंडाधिकाऱ्याकडून चौकशीची सक्ती असावी. ‘विहिरीवर पाणी शेंदताना पाय घसरून पडली’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’ ही दोन वाक्ये आपल्या जिल्ह्यांतील पंचनाम्यांतून वर्षानुवर्षे इतक्या सहजतेने लिहिली गेली की, त्या सहजतेलाच अडवणे आवश्यक होते. तहसीलदाराने स्वतः येऊन मृतदेह पाहावा, माहेरच्यांचा जबाब आपल्यासमोर घ्यावा, ही तरतूद म्हणजे एका विशिष्ट वर्गाच्या मृत्यूंना दुसरी नजर देण्याचा आपल्या कायद्यातील प्रामाणिक प्रयत्न होय. आठव्या वर्षी जी विहिरीत सापडते तिला मात्र ही सक्तीची नजर लाभत नाही.

मृत्यूच्या कारणाकडे सरकार बारकाईने पाहते असा दुसरा प्रसंग पैशाचा. शेतकऱ्याला सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने, अपघाताने मृत्यू आला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात, परंतु त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदनाचे कागद जोडावे लागतात. रात्री पाणी धरायला गेलेला माणूस बांधावर दंश होऊन मेला आणि घरच्यांनी सकाळी त्याला अग्नी दिला, तर तो सर्पदंशाने मेला हे सिद्ध करण्याचे साधनच राखेत जाते. सर्पदंशाचे सरकारी आकडे देशात वर्षाला एक-दोन हजारांच्या घरात राहिले त्याचे एक कारण हेच होय. महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या आधारे डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो दहा लाख मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला, त्यात घरोघरी जाऊन नातेवाईकांकडून अखेरच्या आजाराची हकिकत लिहून घेतली गेली आणि ती दोन डॉक्टरांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे वाचून कारण ठरविले. त्यातून २००५ या एका वर्षी सर्पदंशाने सुमारे ४६,००० माणसे मेल्याचा अंदाज निघाला, आणि २००० ते २०१९ या काळाची बेरीज बारा लाखांवर गेली. कागदावर जे मृत्यू नव्हते ते आई-बायकांच्या तोंडी होते; कोणी जाऊन विचारले, आणि विचारलेले दोघांनी वाचले, एवढ्यानेच ते प्रकट झाले.

पैशाच्या वाटेचा अधिक दुःखद भाग शेतकरी आत्महत्यांचा आहे. एक लाखाच्या मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरणाची छाननी करते आणि त्यावर पात्र अथवा अपात्र असा शेरा मारते. समितीपुढे सातबारा येतो, बँकेचे कर्ज येते, वसुलीचा तगादा येतो. मयताच्या मनाची शेवटच्या महिन्यातील स्थिती, दारू, आजार, गावातील दवाखान्याने त्याला कधी पाहिले होते काय, हे प्रश्न येतात ते मदत नाकारण्यासाठी, समजून घेण्यासाठी नव्हे. अपात्र ठरलेल्या मृत्यूचे कारण मग कोणीच शोधीत नाही. जी विधवा जमिनीची मालक नव्हती, जिच्या नवऱ्याच्या नावे कर्ज सावकाराचे होते आणि त्याची चिठ्ठी नव्हती, तिला त्या शेऱ्यातून असा बोध होतो की, तिचा नवरा सरकारच्या लेखी विनाकारण मेला. ही गोष्ट लिहिताना शांत राहणे मला कठीण जाते.

या सर्व काळोख्या वाटांत एक वाट खरोखर उजळ आहे आणि तिचा विचार विस्ताराने व्हावयास हवा. माता मृत्यूंच्या अन्वेषणाची पद्धत देशात २०१० च्या सुमारास आखली गेली आणि २०१७ मध्ये तिला अधिक नीट रूप दिले गेले. गर्भारपणात, बाळंतपणात अथवा त्यानंतर बेचाळीस दिवसांत स्त्री गेली की आशा कार्यकर्ती कळवते. आरोग्य कर्मचारी घरी जाऊन सविस्तर हकिकत घेतात. रुग्णालयातील मृत्यू असेल तर तेथली समिती कागद तपासते. आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांपुढे जी बैठक होते तिला मयत स्त्रीच्या नातेवाईकांनाही बोलावले जाते. दोषी शोधणे हा हेतू नाही असे मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलेले आहे. शोधायचे ते तीन विलंब: घरी निर्णय घेण्यात झालेला, रुग्णालय गाठण्यात झालेला, आणि तेथे पोहोचल्यावर उपचारात झालेला. सासूने दुपारपर्यंत थांबायला सांगितले, गाडी मिळाली नाही, रक्त मिळाले नाही: एका स्त्रीच्या मृत्यूची हकिकत अशी तीन ठिकाणी वाटली गेली म्हणजे तिची जबाबदारी एकट्या डॉक्टरावर अथवा एकट्या सासूवर पडत नाही आणि पुढची स्त्री वाचविण्याची जागा दिसू लागते. अनेक ठिकाणी ही बैठक औपचारिकतेत संपते हे मान्य केले तरी, सामान्य नागरिकाच्या मृत्यूकडे पोलिसी संशयावाचून आणि पैशाच्या हिशेबावाचून पाहणारी सरकारी व्यवस्था आपल्याकडे हीच काय ती आहे. बालमृत्यूंसाठीही तिच्या धर्तीवर २०१४ पासून अन्वेषण सुरू झाले.

या पद्धतीची बीजे महाराष्ट्रातच पेरली गेली होती, आणि त्यांतली एक श्रीगोंद्यापासून फार दूर नाही. मध्ये कर्जत तालुका ओलांडला की जामखेड लागते, जेथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम आरंभले. तेथील गावोगावच्या निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या आणि आपल्या गावात कोण जन्मले, कोण व कशाने गेले याची वार्ता त्यांनी जपली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालमृत्यू प्रत्यक्ष मोजून सरकारी नोंदीतील तफावत दाखविली. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने विधिमंडळापर्यंत खळबळ उडविली आणि शासनाला डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. घोडनदीच्या पलीकडे, शिरूरच्या बाजूला, वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून आसपासच्या गावांतील जन्म-मृत्यूंचा सतत मागोवा घेत आले आहे आणि मृत्यूनंतर घरी जाऊन कारणांची विचारपूस करीत आले आहे. अर्थात हे काम होऊ शकत नाही असे म्हणण्याची सोय या भागात तरी कोणाला उरलेली नाही.

करोनाच्या साथीने या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा घेतली. कोणता मृत्यू करोनाचा आणि कोणता मधुमेहाचा, हे ठरविण्यासाठी डॉ. अविनाश सुपे यांच्यासारख्या ज्येष्ठ शल्यविशारदांच्या नेतृत्वाखाली मृत्यू-परीक्षण समित्या बसल्या. जून २०२० मध्ये नोंदींची रुजवात घालताच राज्याच्या आकड्यात एका दिवसात १,३२८ मृत्यूंची भर पडली. फेरतपासणी केल्याने काय निष्पन्न होते याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही. पुढे ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करोना मृत्यूंच्या दाखल्यांची पद्धत सुलभ करण्याचा आदेश दिला, चाचणीनंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू करोनाचा धरावा असे ठरले, आणि दाखल्यावरील कारणाविषयी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक समिती आली. पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीमुळे लोक त्या समितीकडे गेले हे खरे. पण आपल्या माणसाच्या दाखल्यावरील कारणाविरुद्ध सामान्य माणसाला दाद मागता येते, ही कल्पनाच त्यापूर्वी आपल्या देशात नव्हती. साथ ओसरली, समित्या विसर्जित झाल्या, आणि तो अधिकारही त्यांच्याबरोबर मावळला. नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आग लागून त्या दिवशी अकरा करोनाबाधित रुग्ण प्राणास मुकले, तेव्हाही चौकशी नेमावी लागली. मोठा अनर्थ घडल्यावर चौकशी होते, एकेकटा माणूस एकेका खाटेवर जातो तेव्हा ती होत नाही.

इतर देशांतही ही जाण सहज आलेली नाही. इंग्लंडमधील हाइड या गावी हॅरॉल्ड शिपमन नावाचा लोकप्रिय डॉक्टर आपल्याच वृद्ध रुग्णांना अफूजन्य औषधाच्या सुया टोचून मारी आणि त्यांच्या मृत्यूचे दाखले स्वतःच लिही. जानेवारी २००० मध्ये पंधरा खुनांबद्दल तो दोषी ठरला, आणि डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने त्याच्या बळींची संख्या २१५ ठरविली. आपल्या दृष्टीने यातली शिकण्याजोगी बाब निराळीच आहे: तेथे दहनापूर्वी दुसऱ्या डॉक्टराची सही आवश्यक होती, आणि त्या सह्या वर्षानुवर्षे होतच होत्या. दुसरा डॉक्टर कागद पाही, पण घरच्यांना विचारीत नसे. म्हणून अनेक वर्षांच्या विचारानंतर ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये वैद्यकीय परीक्षकाची पद्धत कायद्याने लागू झाली. उपचारांशी ज्याचा संबंध नव्हता असा डॉक्टर कॉरोनरकडे न जाणाऱ्या प्रत्येक मृत्यूचे कागद वाचतो, दाखला देणाऱ्याशी बोलतो, आणि मयताच्या नातेवाईकांना तुमच्या मनात काही शंका आहे काय असे विचारतो. स्कॉटलंडने २०१५ पासून सर्वच दाखले न तपासता काही दाखले नमुन्यादाखल निवडून तपासण्याची वाट धरली. मनुष्यबळ अपुरे असलेल्या आपल्या तालुक्यांना ही स्कॉटलंडची वाट अधिक मानवेल असे मला वाटते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वैद्यकीय संस्थांवर असे बंधन आले आहे की, कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला द्यावे आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यावी. चौपन्न वर्षांनी या कागदाला अखेर वाचक मिळाला. तो वाचक प्रश्न विचारील, आणि त्या प्रश्नाला उत्तर देणारे ठिकाण तालुक्यातच हवे. पोलीस ठाणे ते ठिकाण नव्हे, आणि ज्याने दाखला दिला तो डॉक्टरही नव्हे. जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत; त्यांच्या समाजवैद्यक विभागातील एका अध्यापकाने तालुका आरोग्य अधिकाऱ्यासमवेत बसून महिन्याला श्रीगोंदे तालुक्यातील काही निवडक दाखले, आणि त्याहून अधिक आस्थेने, ज्यांना दाखलाच नव्हता असे घरचे मृत्यू वाचावेत. दशक्रियेनंतरच्या आठवड्यात परिचारिका वा आशा कार्यकर्तीने त्या घरी जाऊन अखेरच्या दिवसांची हकिकत लिहून आणावी. ती दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे पाहावी. आणि चुकीच्या दाखल्याबद्दल शिक्षा न करता तो दाखला देणाऱ्या डॉक्टराला बोलावून त्याच्याशी चर्चा करावी. ‘कारण अज्ञात’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे प्रकरण, हिंसेचा वा विषाचा संशय नसेल तर, ठाण्याऐवजी प्रथम हा अध्यापक व तालुका आरोग्य अधिकारी यांच्याकडे जाण्याची मुभा नियमात करून घ्यावी, म्हणजे त्या डॉक्टराला घराशी वैर पत्करावे लागणार नाही.

यासाठी खर्च फारसा नाही, परंतु एक खर्च टाळता येणारा नाही. प्रमाणपत्र फीवाचून द्यावे असे कायदा सांगतो आणि ते योग्यच आहे. शोकाकुल घराने त्यासाठी पैसे मोजू नयेत. पण पहाटे दवाखाना सोडून आठ-दहा मैलांवरच्या वस्तीवर जाऊन मृतदेह पाहणाऱ्या, पिशवीतले कागद वाचणाऱ्या आणि मगच सही करणाऱ्या खाजगी डॉक्टराला त्या फेरीचा मेहनताना शासनाने द्यावा, आणि तो दाखला नीट भरलेला असल्याची खातरजमा झाल्यावर द्यावा. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याला शवविच्छेदनाच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागातून मोकळीक मिळावी, हीही मागणी याच हिशेबात धरावयास हवी.